पाणी बोटभर, चव पोटभर : रताळी उकडण्याचे कानमंत्र

बाळा, स्वतःचं बिऱ्हाड मांडलंस, गॅस जोडलास, चार भांडी घेतलीस, फार बरं वाटलं. आता महाशिवरात्र आली की ‘रताळी उकडायची, त्यात शिकायचं काय?’ म्हणत तू ती कुकरमध्ये टाकणार आणि चार शिट्ट्या मोजून मोकळं होणार, हे मला इथं बसून दिसतंय. खाशीलही आवडीनं. पण त्याच रताळ्यात याहून कितीतरी गोडी दडलेली असते. ती कशी काढायची, तेवढं ऐकून घे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. कच्च्या रताळ्यात साखर थोडी आणि पीठच जास्त असतं. त्याच्याच अंगात एक पाचक द्रव्य असतं, ते रताळं तापायला लागलं की या पिठाची साखर करत जातं. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान त्याचं काम जोरात चालतं, आणि त्याच्या फार वर उष्णता गेली की ते द्रव्यच निकामी होतं. म्हणजे अर्धी गोडी शेतातनं येते आणि उरलेली आपल्या चुलीवर तयार होते. तिला लागतो तो वेळ दिला की झालं. पुढं जे सांगतेय, त्यातलं बरंचसं या एकाच गोष्टीपाशी येऊन पोचतं.

बाजारात

१. रताळी स्वतःच्या हातानं निवडून घे, आपल्या कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार त्याला उत्तम – ढीग मोठा असला की हवी तशी सापडतात, आणि माल कुठला, कधी काढलेला, हे विकणाऱ्या मावशींनाच विचारता येतं.

२. एकेक रताळं मुठीत मावेल असं, साधारण १५० ते २०० ग्रॅमचं असू दे – फार जाड रताळं आतनं शिजायला वेळ लावतं आणि त्यात दोरेही जास्त निघतात. फार बारकं असलं तर निम्मं सालीतच जातं.

३. एका वेळी उकडायची ती सगळी एका मापाची घे – नाहीतर बारकी फुटून पाण्यात विरघळतात आणि जाडी दाताखाली कचकचतात. एका मापाची जोडी, एका वेळेची गोडी.

४. सरळ, टोकांना निमुळती रताळी निवड – वेड्यावाकड्या, खाचांच्या रताळ्यात माती अडकून बसते आणि सोलताना गर सालीबरोबर जातो.

५. सालीवर बारीक काळी भोकं दिसली तर ते रताळं परत ढिगात ठेव – तो सोंड्या भुंग्याचा प्रताप. त्याची अळी आत पोखरत जाते आणि रताळं तिच्यापासून बचावासाठी कडू द्रव्य तयार करतं, ते कितीही उकडलं तरी जात नाही.

६. दोन्ही टोकं अंगठ्यानं हलकेच दाबून बघ – रताळं सडायला लागतं ते बहुतेक टोकापासनं, आणि मधला भाग तेव्हाही टणकच लागतो.

७. माती लागलेलीच घे, धुतलेल्या चकचकीत रताळ्यांना भुलू नकोस – धुतलं की साल ओल धरते आणि रताळं लवकर नासतं. आपल्याकडं चंदगडची आणि बेळगावच्या पश्चिम भागातली रताळी येतात ती तांबड्या मातीसकट, ती माती घरी येईपर्यंत त्यांना सांभाळते.

८. सालीच्या रंगावरनं गोडी ठरवू नकोस – लाल सालीचं गोड आणि पांढऱ्या सालीचं फिकं असा नेम नाही. जात कुठली, जमीन कसली आणि काढून किती दिवस झाले, यावर सगळं अवलंबून असतं.

९. रताळी कधी काढली ते आवर्जून विचार, आणि अगदी ताजी असली तर आठ-दहा दिवस घरात राहू दे – जमिनीतनं निघाल्यावरही त्यातल्या पिठाची हळूहळू साखर होत असते. नवरात्रात येणारं नवं रताळं फिकं लागतं आणि महाशिवरात्रीचं गोड, त्याचं हे एक मोठं कारण.

१०. केशरी गराचं रताळं मिळालं तर जरूर घे – त्या केशरी रंगातनं शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतं. आफ्रिकेतल्या लेकरांच्या ताटात हे रताळं नेण्याच्या कामासाठी मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, एवढी त्याची किंमत आहे.

११. केशरी किंवा जांभळं रताळं उपवासाला चालेल का, म्हणून कुणी अडवलं तर शांतपणे वाढ – रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. ती आपल्या फराळात मानानं बसली, तर हा रंगही बसेल. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेनं ‘भू सोना’ ही केशरी आणि ‘भू कृष्ण’ ही जांभळी जात आपल्याच देशात तयार केली आहे.

१२. निवडायला वेळ लागला म्हणून मागं उभ्या माणसाकडं बघून ओशाळं होऊ नकोस – दोन मिनिटं जास्त गेली तरी एकही रताळं फेकावं लागत नाही. बाजारात लाजला, तो ताटावर पस्तावला.

घरी आणल्यावर

१३. कच्चं रताळं फ्रीजमध्ये ठेवू नकोस, भाजी म्हणून तिथं कोंबायचा मोह तुला होणारच – १२-१३ अंशांच्या खालची थंडी त्याला बाधते. मग मधला गाभा असा दडस होतो की तासभर उकडला तरी मऊ पडत नाही.

१४. बांबूच्या बुट्टीत किंवा जाळीच्या टोपलीत, वारं लागेल अशा अंधाऱ्या कोपऱ्यात पसरून ठेव – एकावर एक रचली की खालची दबतात, आणि एक नासलं की शेजारच्याला लागतं.

१५. प्लॅस्टिकच्या पिशवीतनं आणलीस तर घरात शिरल्याबरोबर बाहेर काढ – रताळं श्वास घेतं, पिशवीत दव धरतं आणि दोन दिवसांत बुरशी येते.

१६. धुवायचं ते उकडायच्या वेळी, त्याआधी फक्त कोरड्या फडक्यानं पुसलं तरी पुरे – ओल्या सालीवर बुरशीला बसायला जागा मिळते.

१७. कोंब आले म्हणून घाबरून फेकू नकोस, कोंब मोडून वापर – बटाट्याचा कोंब विषारी, रताळ्याचा तसा नाही. रताळ्याच्या कोवळ्या पानांचीसुद्धा भाजी होते. रताळं सुकलेलं, पोकळ वाटलं तर मात्र कुंडीत लाव, वेल छान येतो.

१८. बुरशी धरलेलं किंवा काळं पडलेलं रताळं फेकून दे, आणि दारातल्या गाई-म्हशीपुढं तर मुळीच टाकू नकोस – अशा रताळ्यात तयार होणाऱ्या विषानं जनावरांच्या फुप्फुसाला इजा होते, त्यांना धाप लागते आणि जनावर दगावूही शकतं. ‘वाया जाण्यापेक्षा म्हैस खाईल’ हा विचार चांगल्या मनाचा, पण इथं घात करणारा.

धुताना

१९. आधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजत ठेव, मग चोळ – तांबडी माती सुटायला तेवढा वेळ लागतो. कोरड्या मातीवर ब्रश घासला तर सालच खरवडून निघते.

२०. नारळाच्या काथ्यानं किंवा मऊ ब्रशनं, खाचांतनं बोट फिरवत धू, आणि पाणी निवळ येईपर्यंत दोनदा-तीनदा बदल – सालीवर राहिलेली माती उकडताना पाण्यात उतरते आणि मातकट वास गरापर्यंत जातो. धुतलं नीट, तर अर्धं काम फत्ते.

२१. साल काढू नकोस – साल असली की आतली साखर आतच राहते आणि बाहेरचं पाणी बाहेर. सोललेलं रताळं उकडलं की ते पाणचट होतं आणि गोड होतं ते पाणी, जे आपण ओतून देतो.

२२. टोकंही आत्ता छाटू नकोस, दोरीसारखी लोंबणारी मुळी तेवढी चिमटीनं मोड – टोक कापलं की तिथनं गोडी निसटायला वाट मिळते. छाटायचं ते उकडल्यावर.

२३. एखादं रताळं फारच जाड निघालं आणि कापावंच लागलं, तर आडवं एकदाच काप आणि ताबडतोब पातेल्यात सोड – कापलेल्या जागेतनं पांढरा चीक येतो आणि वारा लागला की काळा पडतो.

२४. कापण्याआधी तळव्यांना तेलाचं बोट फिरव – नाहीतर तो चीक दिवसभर बोटांना चिकटून राहतो आणि साबणालाही दाद देत नाही.

भांडं, पाणी आणि आच

२५. जाड बुडाचं, पसरट पातेलं घे आणि रताळी एका थरात मांड – सगळ्यांना सारखी आच लागते. अरुंद डेचकीत उभी कोंबली तर खालची शिजतात आणि वरची वाट बघत बसतात.

२६. लोखंडी कढई नको, स्टीलचं भांडं बरं – रताळ्यातलं द्रव्य लोखंडाशी मिळालं की गर काळपट पडतो. खायला त्यानं बिघडत नाही, पण पाहुण्यांच्या ताटात वाढायला मन होत नाही.

२७. सुरुवात नेहमी गार पाण्यानं कर, उकळत्या पाण्यात रताळी सोडू नकोस – गार पाण्याबरोबर रताळं बाहेरनं आतपर्यंत हळूहळू तापतं आणि पिठाची साखर व्हायला सवड मिळते. उकळत्यात टाकलं तर वरचा भाग फुटतो आणि गाभा कच्चा राहतो.

२८. पाणी रताळ्यांच्या वर बोटभरच असू दे – पातेलं काठोकाठ भरलंस तर गॅस जास्त जळतो आणि गोडीही जास्त पाण्यात उतरते. पाणी बोटभर, चव पोटभर.

२९. पहिली पंधरा मिनिटं आच मंद ठेव, आणि सगळ्यात महत्त्वाचा मंत्र हाच समज – याच वेळात ते पाचक द्रव्य आपलं काम उरकतं. इथं आच वाढवलीस, तर पुढं कितीही शिजवलंस तरी ती गोडी परत येत नाही.

३०. आच बरोबर आहे का, हे पाण्याकडं बघून ओळख. पातेल्याच्या बुडाला बारीक बुडबुडे चिकटलेले असावेत, एखादाच सुटून वर यावा, कडेनं वाफेची रेघ दिसावी, पण पाण्याचा पृष्ठभाग हलू नये – थर्मामीटर नसला तरी एवढं दिसलं की पाणी योग्य उष्णतेच्या आसपास आहे. उसळायला लागलं तर गॅस आणखी बारीक कर.

३१. पंधरा मिनिटांनंतर आच थोडी वाढव आणि पाणी हलकं उकळतं ठेव, खदखदवू नकोस – जोरानं उकळलं की रताळी एकमेकांवर आपटतात, साल फाटते आणि आत पाणी शिरतं.

३२. झाकण ठेव, पण किंचित फट राहू दे – पूर्ण बंद केलं की पाणी उतू जातं आणि तू दुसऱ्या खोलीत मोबाइल बघत असशील. झाकणाशी ज्याला धीर, त्याच्या ताटात खीर.

३३. मधे एकदा रताळी अलगद उलट – बुडाला टेकलेली बाजू जास्त मऊ पडते, वरची मागं राहते.

३४. लवकर शिजावं म्हणून सोडा घालू नकोस – सोड्यानं गर हिरवट पडतो आणि साल बुळबुळीत होते.

३५. चिमूटभर मीठ चालतं, उपवास असला तर सैंधव – तेवढ्यानं गोडी जिभेला जास्त कळते. मीठ वाढलं तर मात्र गोडी दबते.

३६. मध्यम रताळ्याला गार पाण्यापासून धरून साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं दे, केशरी गराचं असलं तर पाच मिनिटं आधीच बघ – केशरी रताळ्यात ओल जास्त आणि पीठ कमी, ते लवकर मऊ होतं.

कुकर, वाफ आणि काहील

३७. कुकरच लावायचा असेल तर लाव, मी रागावणार नाही. फक्त आधी शिट्टी न लावता दहा मिनिटं मंद आचेवर ठेव, मग शिट्टी लावून एक-दोनच शिट्ट्या कर – कुकरमध्ये उष्णता एकदम १०० अंशांच्या वर जाते आणि साखर व्हायला सवडच मिळत नाही. शिट्टीला घाई, गोडीला नाही.

३८. कुकरमध्ये रताळी पाण्यात बुडवू नकोस, तळाला दोन वाट्या पाणी घालून जाळीवर किंवा डब्यात ठेव – पाण्यात बुडालेली रताळी दाबाखाली फुटून लगदा होतात.

३९. कुकरची वाफ आपोआप जिरू दे, शिट्टी उचलून दाब सोडू नकोस – दाब एकदम उतरला की रताळं तडकतं. आणि वाफेनं हात भाजला तर उपवासाचा सगळा दिवस गार पाण्यात बोटं बुडवून बसण्यात जातो.

४०. कटलेट, घाऱ्या किंवा पुऱ्या करायच्या असतील तर उकडण्यापेक्षा वाफव, मोदकपात्र किंवा पातेल्यावर चाळण पुरते – वाफवलेला गर कोरडा राहतो, पीठ कमी लागतं आणि घारी तेल पीत नाही.

४१. हंगामात गुऱ्हाळावर जायचा योग आला तर दोन धुतलेली रताळी बरोबर ने, आणि गुळव्यालाच विनंती कर – उसाच्या रसाच्या काहिलीत दोऱ्याला बांधून सोडलेलं रताळं रस पीत शिजतं, ती चव घरच्या पातेल्यात येत नाही. काहिलीपाशी स्वतः वाकू नकोस आणि पोरांना तर जवळ फिरकू देऊ नकोस, कारण उकळता रस पाण्यापेक्षा जास्त भाजतो आणि अंगाला चिकटून राहतो.

शिजलं का ते बघताना

४२. सगळ्यात जाड रताळ्याच्या मधोमध पातळ सुरी घाल – अडथळ्याशिवाय आरपार गेली आणि सुरीला कच्च्या गराचा पांढुरका लेप आला नाही, तर सगळी शिजली. मधे कुठं सुरी अडली, तर पाच मिनिटं आणखी.

४३. एकाच रताळ्यात, एकाच जागी तपास, दर दोन मिनिटांनी सगळ्यांना भोसकत बसू नकोस – जितकी भोकं तितकं पाणी आत. तुझी उत्सुकता मला कळते, पण रताळ्याला ती सोसत नाही.

४४. साल ढिली होऊन सुरकुतली आणि टोकाशी चिकट, तपकिरी पाझर दिसला, की मनाशी हस – ती रताळ्याची स्वतःची साखर, आणि पहिली पंधरा मिनिटं तू धीर धरलास त्याचा तो पुरावा.

उतरवल्यावर

४५. शिजली की लगेच पाण्यातनं काढ, त्याच पाण्यात गार होऊ देऊ नकोस – गार होता होता रताळं पाणी शोषतं आणि वडीसारखा घट्ट गर भसका होतो.

४६. पाणी ओतलं की रताळी त्याच गरम पातेल्यात टाकून, झाकण ठेवून पाच-सात मिनिटं मुरू दे – सालीवरची ओल वाफ होऊन जाते आणि गाभ्यातली उष्णता सगळीकडं सारखी पसरते.

४७. कोमट असतानाच सोल – तेव्हा साल चिमटीनं सरळ निघते. पूर्ण गार झाली की ती गराला धरून बसते आणि मग सुरी घ्यावी लागते.

४८. सोलल्यावर काळा डाग दिसला तर भोवतालचा बोटभर गर घेऊन तो भाग काढ, आणि चाखून कडू लागलं तर पूर्ण रताळं टाक – कडूपणा डागापुरता राहत नाही आणि गूळ घालून झाकला तरी पोटाला कळतोच. कडू घासाचा मान ठेवू नये.

खाताना आणि खायला घालताना

४९. पहिला घास नुसताच खा, मग गूळ-दूध घे – नीट उकडलं असेल तर वरनं काही लागतच नाही. लागलंच, तर गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध आणि चमचाभर काकवी, याहून चांगली जोड मला ठाऊक नाही.

५०. केशरी रताळ्याला चमचाभर तूप लाव – त्यातलं रंगद्रव्य स्निग्धाबरोबरच शरीराला नीट लागतं. रंग नुसता दिसायला सुंदर असून भागत नाही.

५१. गोड नको वाटलं तर शेंगदाण्याचं कूट घातलेला खर्डा घे, उपवासाला लसणाविना – तिखटानं रताळ्याची गोडी आणखी खुलते आणि शेंगदाण्यानं पोटाला आधार राहतो.

५२. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर भाजलेल्यापेक्षा उकडलेलं रताळं, तेही अर्धंच, आणि गुळाविना दे – भाजलेल्या रताळ्यानं रक्तातली साखर जास्त वेगानं चढते. त्यांना टाळून आपण खाऊ नये, बेतानं वाढावं आणि डॉक्टरांना विचारून ठेवावं.

५३. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना विचारल्याशिवाय आग्रह करू नकोस – रताळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि अशा माणसांना ते मोजून घ्यावं लागतं. आपली माया त्यांच्या पथ्याआड येऊ नये.

५४. सहा महिन्यांपुढच्या बाळाला द्यायचं तर दोरे काढून, चाळणीतनं दाबून, पातळ करून दे, आणि आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघ – रताळं बाहेरनं कोमट लागतं तेव्हाही आतनं पोळतं.

५५. आषाढीला नंदवाळच्या दिंडीत चालणार असशील तर पहाटे उकडलेली रताळी न सोलता, पूर्ण कोरडी करून सुती फडक्यात बांधून घे – सालीमुळं ती चुरत नाहीत, हात न धुता सोलून खाता येतात, आणि वाटेतल्या पुईखडीच्या रिंगणापर्यंत अंगात ताकद राहते. दोन जास्तीची घे, शेजारी चालणारं कुणीतरी नक्की उपाशी असतं.

५६. निरंकार उपवास सोडताना रिकाम्या पोटी दोन-तीन रताळी एकदम खाऊ नकोस – चोथा भरपूर असल्यानं पोट फुगतं. एक सावकाश चावून खा, पाणी पी, मग दुसरं.

उरलं तर

५७. उकडलेलं रताळं ओट्यावर रात्रभर ठेवू नकोस. गार झालं की न सोलता झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव आणि दोन-तीन दिवसांत संपव – कच्च्याला बाधणारी थंडी उकडलेल्याला राखते. उरलं ते झाकलं, तर उद्याचं भागलं.

५८. फ्रीजमधलं परत पाण्यात उकडू नकोस – चकत्या करून तव्यावर थोड्या तुपात परत, कडा तांबूस झाल्या की काढ. शिळं कुणाला वाटणार नाही.

५९. कुस्करलेल्या गरात राजगिऱ्याचं किंवा वरईचं पीठ, जिरं, हिरवी मिरची घालून थालीपीठ लाव – रताळ्याचा ओलावा पुरतो, वरनं पाणी घालावं लागत नाही. घातलंस तर तव्यावर उलटताना मोडेल.

६०. रताळी उकडलेलं पाणी बिनमिठाचं असेल तर गार करून झाडांना घाल – मोरीत ओतलेल्या पाण्याचा कुणाला उपयोग नाही, तुळशीला आहे.

६१. आपल्या गॅसला, आपल्या पातेल्याला किती वेळ लागतो ते पहिल्या दोन-तीन खेपांना लिहून ओट्यावरच्या भिंतीवर चिकटव – प्रत्येक घराची आच वेगळी. माझी मिनिटं तुला अंदाजापुरती, तुझी तुलाच सापडतील.

६२. आणि पुढच्या शिवरात्रीला शेजारणीच्या दारात चार रताळी नेऊन दे. ती नक्की विचारेल, ‘साखर घालून उकडलीस का?’ तेव्हा ‘नाही’ एवढ्यावर थांबू नकोस, आत बसून तिला गार पाण्याचं आणि मंद आचेचं सगळं नीट समजावून सांग – रताळी त्या दिवशीच संपतील, पण एवढं शिकलं की तिच्या घरातली पुढची सगळी रताळी गोड होतील.